गजाची डावी मूठ

बातमी मला बुलडाण्याच्या एसटी स्टँडवर मिळाली, चहा पिता पिता. सोनाळ्याचा एक ओळखीचा माणूस कोर्टाच्या कामासाठी आला होता. त्याने आधी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि मग म्हणाला, "तुमचा गजा गेला न भाऊ. ऊन लागलं. वावरातून पायी येऊन राह्यला होता, बाभळीखाली बसला, तो बसलाच..." मी काही बोलायच्या आत त्याने दुसरा घोट घेतला आणि त्या आठवड्यात साऱ्या गावाने एकमेकांना विचारलेला प्रश्न मलाही विचारला, "घरी एवढी मोठी मोटारसायकल उभी, अन् हा वैशाखात पायी काऊन गेला असंन?"

प्रश्न मोठ्या भाबडेपणाने विचारला होता. मोटारसायकल मिळाली त्या दिवशी हा गृहस्थ मांडवात पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, हे मला चांगलं आठवतं.

गजानन माझा मावसभाऊ. विशीच्या आतच कापसाच्या जिनात अडकलेली रुई ओढताना त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. सोनाळ्याने त्याला तेव्हापासून थोटा म्हणायला सुरुवात केली, आणि त्यात कोणाला काही वाईट बोलतोय असं वाटत नसे. आडनावासारखंच ते. लग्नाचा विषय एकदोनदा निघाला आणि मिटला. घरच्या जमिनीपैकी सातपुड्याच्या पायथ्याचं, नदीपलीकडचं, दगडगोट्यांचं वावर थोरल्या भावाने, बापूने, त्याच्याकडे दिलं, कारण ते दुसऱ्या कोणालाच नको होतं. गजाने तिथे संत्र्याची झाडं लावली, एक झोपडी घातली आणि तो त्या जागेच्या प्रेमातच पडला. अडचण एवढीच होती की तिथे जायचं कसं. त्या वाटेवर सायकल एका हाताने आवरत नाही, बैलांचा कासरा एका हाताने धरवत नाही. म्हणून रोज सकाळी हा बाप्या माणूस अंगणात उभा राहून कोणी बैलांची बंडी जुंपतं का याची वाट पाहायचा. बापू ओसरीवरून दात घासत म्हणायचा, "थांब न बे. झाडं कुठी पळून चालले का तुही?"

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्या दिवसांत परदेशी लोकांचं एक पथक डोंगराची पाहणी करायला आलं, डाकबंगल्यात राहिलं, कसली पाहणी केली ते कोणालाच न सांगता निघून गेलं. मागे राहिलेल्या सामानाचा लिलाव झाला. त्यात एक बुटकी मोटारसायकल होती. खडबडीत दातेरी टायर, उंच मडगार्ड, मागे ताटाएवढं दातेरी चाक. आणि डाव्या मुठीला क्लचची दांडीच नव्हती. तालुक्यातल्या नामांकित मिस्त्रीने ती चारी बाजूंनी पाहून निदान केलं, "हिचं क्लच कोन तरी काढून नेलं." त्यावर कोणी बोली लावली नाही. गजाने लावली. घरी आल्यावर बापूने कपाळाला हात लावला. "थोट्यानं थोटी गाडी आनली," असं साऱ्या आळीत झालं.

क्लच कोणी नेलं नव्हतं, ते आत होतं आणि आपोआप चालत होतं. मूठ पिळली की इंजिनाचा वेग वाढायचा आणि ते चाकाला धरायचं. मूठ सोडली की सोडून द्यायचं. गिअर पायाने. डाव्या हाताला करण्यासारखं कामच त्या गाडीवर ठेवलेलं नव्हतं. दोन दिवस गजा ती अंगणात पुढेमागे करत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी बापू दात घासत बाहेर आला तेव्हा अंगणात कोणी वाट पाहत नव्हतं.

त्यानंतरचा गजा ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून समजायचा नाही. मी एकदा त्याच्यामागे बसून वावरात गेलो. नदीच्या वाळूत गाडी अडखळली तरी बंद पडत नव्हती. तो फक्त मूठ सैल करायचा, श्वास घ्यावा तसा क्षणभर थांबायचा आणि पुन्हा पिळायचा. उतारावर मात्र मला घाम फुटला, कारण तो खाली जातानाही गाडीला थोडा जोर देत होता. मी ओरडलो तर म्हणाला, "गप बस न बे! उतारावर पीळ सोडला का हे गाडी मोकळी होते. मंग ते तुहीबी नाही अन् माहीबी नाही. धरून राह्यची असंन तं थोडी चालूच ठेवा लागते." डाव्या हाताचा अंगठा मुठीला आकड्यासारखा अडकवलेला, आणि तोंडाने शिव्या. दगडांना, मला, बापूला, देवाला, सगळ्यांना सारख्याच.

तो भला माणूस झाला नव्हता, हे इथे लिहायला हवं. मृत माणसाला सद्गुणांची शाल पांघरायची आपली रीत आहे. गजाने ती काढून फेकली असती. जो कोणी थोटा म्हणायचा त्याला तो एका खेळात ओढायचा. गाडी चालू करून पहिल्या गिअरात टाकून उभी ठेवायची. दुसरी कोणतीही गाडी अशी बंद पडली असती. ही गाईसारखी शांत उभी राहायची. मग म्हणायचं, "बस न भाऊ, दे जरा पीळ, आवाज पाह्य." तो पीळ द्यायचा आणि थेट बोरीच्या झुडपात जायचा. गावातले बरेच प्रतिष्ठित लोक काटे काढून घेताना मी पाहिले आहेत.

मग एका पावसाळ्यात पायथ्याच्या वस्तीत हगवण-उलट्यांची साथ आली. तालुक्यातले एक पुढारी औषधं घेऊन, गळ्यात निघतानाचा हार तसाच ठेवून, जीपने निघाले. त्यांचं नाव लिहीत नाही, सगळे त्यांना साहेबच म्हणत. जीप नाल्यात रुतली. गजा मागून आला, औषधांचे खोके गाडीला बांधून घेतले आणि जाता जाता म्हणाला, "साहेब, तुम्ही हार घेऊन बसा. मी येतोच." लोक हसले. साहेबही हसले... माणूस मोठा असला की त्याचं हसणं जरा उशिरा येतं, तसं.

वस्तीतली माणसं वाचली, आणि सत्कार करणं भाग पडलं. शाळेच्या मैदानात मांडव, शाल, श्रीफळ, तीन भाषणं. शेवटी फोटोवाल्याने साहेबांना त्या ऐतिहासिक वाहनावर बसायची विनंती केली. गाडी चालूच होती, शांत उभी होती. गजा बाजूला उभा होता, खांद्यावर नवी शाल. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेवरून मी ओळखलं की ती गिअरात आहे आणि तो सांगणार नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, द्या जरा पीळ!" साहेबांनी दिला. गाडी टेबल घेऊन, कनात फाडून, पाण्याच्या रांजणांवर जाऊन थांबली. साहेब चिखलात बसले होते, फेटा एका डोळ्यावर. मैदान हसलं. सगळ्यात जास्त गजा हसला, शालीने डोळे पुसत.

पंधरवडाभराने साहेब पुन्हा आले, आणि या वेळी आमच्या मावशीच्या दारात मांडव पडला. "आपल्या शूर बांधवाने एका सदोष, परदेशी यंत्रावर जीव धोक्यात घालावा, ही आपणा सर्वांना लाज आणणारी गोष्ट आहे," असं ते माइकवर म्हणाले आणि कापड ओढलं. खाली कोरी करकरीत, दणकट मोटारसायकल होती. टाकीवर साहेबांच्या नावाची पितळी पाटी. दोन्ही मुठींना दांड्या, डाव्या, क्लचच्या दांडीवर कारखान्यातला मेणकागद अजून गुंडाळलेला. साहेबांनी स्वतः गजाचा डावा पंजा उचलून त्या दांडीवर ठेवला. फोटोवाला सरसावला. साहेबांनी माइक बाजूला केला आणि प्रेमाने म्हणाले, "धरा, गजाननराव. घट्ट धरा."

टाळ्या पडल्या. गजाचा एकटा अंगठा मेणकागदावरून घसरून खाली आला. जुनी गाडी साहेबांच्या ट्रॉलीत चढवली गेली. तिला दोरखंड बांधला तो बापूने. त्या वर्षी बापूला खरेदी-विक्री संघावर जायचं होतं, आणि तो गेलाही.

मिस्त्रीने नंतर तोडगा सुचवला होता. क्लचची दांडी उजवीकडे ब्रेकशेजारी बसवता येईल, थोडं कापावं, जोडावं लागेल. बापू उखडला. "साहेबाची भेट हाय ते! तिले कापून ठेवतू? उद्या साहेब घरी आले तं त्याहिले काय दाखू?"

"दादा, मंग मी वावरात कसा जाऊ?" गजाने विचारलं. मी तिथे होतो. त्याचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"बंडी हाय न," बापू म्हणाला.

गजा बंडीत पुन्हा बसला नाही. पायी जाऊ लागला. आठवड्याचे चार दिवस, मग दोन. संत्र्यांचं पाणी चुकायला लागलं, झाडं एकेक करून वाळली. तेव्हाही तो जायचा, वाळलेली झाडं पाहायला. रोज दिवे लागायच्या वेळी मात्र तो गोठ्यापुढे उभ्या असलेल्या त्या मोटारसायकलवर बसायचा, लाथ मारून ती चालू करायचा आणि जागच्या जागी उजवी मूठ पिळत राहायचा. वहिनी, बापूची बायको, धुरावरून बोलायच्या. मी एकदा कशाला म्हणून विचारलं. "इंजिन जाम होईन न बे. साहेबाची भेट हाय." मग मूठ पिळता पिळता म्हणाला, "जुनीले पाहून आलो. साहेबानं तिचं इंजिन कडबा कापाच्या मशीनले लावलं. पीळ सोडला का अजूनबी थांबते... गुनाची होती."

तेराव्यानंतर शाळेच्या मैदानात शोकसभा झाली. साहेबांनी निरोप पाठवला होता: गजाननरावांचा जीव मोटारसायकलीत होता, ती सभेच्या ठिकाणी असावी, आपण स्वतः हार घालू. बापू धोतर सावरत तिच्यावर बसला. एका लाथेत ती चालू झाली; गजाने ती तशी ठेवलीच होती. मग बापूने डाव्या दांडीवरचा मेणकागद नखाने सोलला आणि दांडी दाबली. ती हलेना. इतकी वर्षं आतली तार कोणी ओढलीच नव्हती, ती गंजून घट्ट बसली होती. बापूने दोन्ही हातांनी जोर लावला. आत कुठेतरी कट्ट झालं, तार तुटली आणि दांडी लोंबकळली. इंजिन मजेत धडधडत राहिलं.

"असं कसं झालं?" बापू म्हणाला. "रोज तं चालू करे तो."

चौघांनी ती ढकलत नेली, हार घातला, ढकलत परत आणली. मी थोडा वेळ तिच्यापाशी उभा राहिलो. उजव्या मुठीचं रबर तळव्याने झिजून मधोमध खोलगट झालं होतं. डाव्या मुठीखाली मेणकागदाच्या पिवळ्या साली पडल्या होत्या, आणि कोंबड्या त्या टोचून पाहत होत्या.