रेघ मारलेला माइक

आमचा दादा कुलूपवाला. किल्ल्या करून देतो, अडकलेली कुलपं उघडतो, आणि जगातला प्रत्येक माणूस चोर आहे असं धरून चालतो. गिऱ्हाईक आलं की हा तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. कुणी साबणावर किल्लीचा ठसा घेऊन आलं तर सरळ हाकलून देतो. स्वतःच्या घराला कुलूप लावलं की ओढून बघणार, जिना उतरणार, परत वर येऊन पुन्हा ओढणार. मी त्याची धाकटी बहीण. त्याच्याच गाळ्यात मधे एक पडदा लावून मी कपडे उसवायचं-शिवायचं काम करते. पडद्यापलीकडून रोज एकच ऐकते, "हा माणूस मला सरळ वाटला नाही गं." मला तर वाटतं, दाढी करताना आरशातला माणूसही त्याला सरळ वाटत नसावा.

वहिनी गेल्यावर पोरीला त्यानंच वाढवलं. तिला परदेशात नोकरी लागली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, जाऊ का?" हा म्हणाला, नाही. थोड्या दिवसांनी तिनं परत विचारलं. परत नाही. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही, बॅग भरली. खाण तशी माती! जाताना काउंटरवर एक नवा फोन ठेवला, त्यात व्हिडिओ कॉलचं ॲप घालून दिलं आणि "रविवारी फोन करीन" एवढं बोलून गेली. मी दादाची बाजू घेतली होती, म्हणून माझ्याशीही अबोला.

आधी तर दादानं तो फोन कोऱ्या किल्ल्यांच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं. "ऐकत असतो तो," म्हणाला. मग एके दुपारी काढला आणि नव्या जातीचं कुलूप आल्यासारखा खोलून बघायला लागला. जे कळेल ते पडद्यावरून मला सांगायचा. ॲप म्हणजे खोली, एका खोलीत एक काम. पासवर्ड म्हणजे किल्ली.

"आणि स्वतःच्या जन्मतारखेची किल्ली करणारा महामूर्ख," तो म्हणाला. मी खाली मान घालून काजं करत राहिले. बँकेच्या कार्डाला मी दुसरं काय घातलं होतं!

"ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. दार उघडलं की वितळली. म्हणून तर चोर ती मागायला येतात."

"आणि ते क्लाउड की काय?"

"आपली ट्रंक दुसऱ्याच्या माळ्यावर. माळा कुणाचा ते कुणी सांगत नाही."

"बरं, अपडेट?"

"कुलपात तेल. घालावं, पण तेलाची बाटली कोण घेऊन आलंय ते आधी बघावं."

खोटं कशाला बोलू, त्याच्या संशयाचा फायदाही झाला. एकदा कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, तुमचं खातं बंद होणार आहे, आत्ता आलेला नंबर सांगा. दादा म्हणाला, "सांगतो की. आधी तुमच्या घराला कुठल्या बनावटीचं कुलूप आहे ते सांगा, आणि घरी कोण असतं तेही." पलीकडून फोन आपटला.

त्याचा खरा राग होता परवानगीवर. नवं ॲप उघडलं की ते विचारतं, कॅमेरा वापरू का, माइक वापरू का, तुमच्या फोनमधली नावं बघू का. टॉर्चच्या ॲपनं नावं मागितली तेव्हा दादा खवळला. "विजेरीला माझ्या नातेवाइकांशी काय करायचंय? भाडेकरू ठेवला म्हणून काय तिजोरीची किल्ली द्यायची?" आणि जिथं जिथं विचारलं तिथं तिथं 'नाही' दाबून मोकळा झाला. मला तेव्हा ते पटलंही.

पहिल्या रविवारी पोरीचा फोन आला. सोमवारी दादा गाळ्यात आला तो तोंड पाडून.

"काय म्हणाली?"

"सुट्टीत येऊ का म्हणाली. मी म्हटलं, ये. ती आपली 'बाबा, बोला ना, बोला ना' करत बसली. मी बोलतोय, बोलतोय, आणि ही ऐकून न ऐकल्यासारखी!" मग तो हळूच म्हणाला, "माझं चुकलं, असंसुद्धा म्हणालो मी तिला."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. माझं चुकलं, हे शब्द या माणसानं जन्मात कुणाला म्हटले नव्हते. वहिनीलाही नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी पोरगी म्हणाली, "ठीक आहे बाबा. तुम्हाला बोलायचंच नसेल तर मी तिकीट काढत नाही." आणि फोन ठेवला. त्यानंतरच्या रविवारी फोन आलाच नाही.

"तिचे कुणीतरी कान भरलेत तिथं," दादा म्हणाला.

"तू लाव की फोन."

"दोनदा चुकलं म्हणालो. आता काय पाया पडू?"

मला भाचीचा असा राग आला म्हणता! बाप चुकलं म्हणतो आणि ही घुम्यासारखी बसते. दादा मात्र दिवसेंदिवस वाळत चालला. किल्ली घासताना दाते चुकायला लागले. गिऱ्हाइकाच्या हाताकडेही बघेना, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

एका सकाळी तो फोन घेऊन पडद्याच्या या बाजूला आला. "पोरगी गेली ती गेली. निदान हा फोन तरी मी पक्का बंद केलाय. बघ." त्यानं व्हिडिओचं ॲप उघडून दाखवलं. कोपऱ्यात माइकचं लहानसं चित्र होतं, त्यावर आडवी लाल रेघ. "रेघ आहे ना? म्हणजे इथून कुणी काही ऐकत नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"मग पोरीला कसं ऐकू गेलं असेल रे?"

दादानं त्या लाल रेघेवर अंगठा घासून बघितला. मग माझं स्टूल ओढून बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पोरगी काळ्या पडद्यापुढं बसून बापाला विनवत होती, आणि हा स्वतःच लावलेल्या कुलपाआडून माफी मागत होता.

"आता विचारलं की 'हो' म्हण," मी म्हटलं. आम्ही ॲप बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. ते काही विचारेना. शेवटी दादानंच सेटिंगमध्ये शिरून, एकेक ओळ बोटानं वाचत, नेमकी जागा शोधून काढली.

"दोनदा नाही म्हटलं की हा तिसऱ्यांदा विचारतच नाही," तो म्हणाला, आणि त्याचं बोट त्या ओळीवरच थांबलं. त्याला कोण आठवलं ते मला कळलं. मलाही तीच आठवली होती.

समोर तीन पर्याय होते: ॲप वापरताना परवानगी द्या, दर वेळी विचारा, परवानगी देऊ नका. त्यानं 'दर वेळी विचारा' निवडलं. मी कपाळावर हात मारला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही!

पण फोन त्यानंच लावला. माइक वापरू का, फोननं विचारलं. दादानं 'हो' दाबलं. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग पोरगी दिसली, डोळ्यांखाली काळं आलेलं. कॅमेरा अजून बंदच होता, त्यामुळं तिला आम्ही दिसत नव्हतो.

"आत्या? तूच लावलास ना?" ती म्हणाली. "बाबा बोलायचे नाहीत. माहितीये मला."

दादानं घसा खाकरला. "विचार."

ती दचकली. "बाबा?"

"मागे विचारलं होतंस ते विचार."

"दोनदा विचारलं, बाबा."

"तिसऱ्यांदा विचार. दोन्ही वेळा मी 'ये' म्हणालो होतो गं. दार माझ्याच बाजूनं बंद होतं. माझं चुकलं."

मग अगदी लहानपणीच्या आवाजात तिनं विचारलं, "येऊ का?"

"ये," दादा म्हणाला. आणि लगेच, संशयानं, फोन तोंडाजवळ धरून: "ऐकू आलं का?"