मंजूची नानखटाई पसरते, त्याबद्दल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही – आणि ह्यांना तर मी भाजीवाल्याशी झालेली हुज्जतसुद्धा सांगते. मग हेच का राहिलं? मलाच कळत नाही, म्हणून तर लिहायला बसले.

माझी मुलगी मंजू कॅनडाला गेली त्याला सहा वर्षं झाली. पहिल्याच दिवाळीत तिनं तिकडे माझी नानखटाई करायला घेतली. फोनवर प्रमाण विचारलं, मी सांगितलं. ओव्हनमधून ट्रे निघाला तो सगळ्या पसरून एकमेकींना चिकटलेल्या. मी म्हटलं, तिकडचा मैदाच वेगळा गं. तर तासभर गाडी चालवून तिनं आपल्याकडचा मैदा मिळवला. पुन्हा पसरली. मग मी म्हटलं, तूप. बडोद्याहून जाणाऱ्या एकांबरोबर इथलं तूपही पाठवलं – किती साळसूदपणे पाठवलं! मग रवा, मग बेसन. पोरगी परक्या मुलखात एकेक डबा शोधत फिरली, आणि मी इथे मांजलपूरला सोफ्यावर बसून एकेका जिनसेवर खापर फोडत राहिले.

मला कुठलं ठाऊक असणार प्रमाण? मी नानखटाई कधी केलेलीच नाही.

हां – बोलून गेले. पण एवढंच नाही. दिवाळीआधी इथे बायका घरचा मैदा, तूप, साखर नेऊन भट्टीवर नानखटाई करून घेतात. मीही पाणीगेटला नेत असे. भट्टीवाले चाचा तळव्यानं तूप फेसत, आपल्या डब्यातली कसलीशी पांढरी पूड टाकत, दोन तासांनी डबा भरून देत. अर्धं बडोदं हेच करतं. यात लपवण्यासारखं काय होतं? सासूबाई बेकरीचं खात नसत, तिथे अंड्याचंही भाजतात म्हणून. त्यांना मी सांगितलं, मैत्रिणीच्या ओव्हनमध्ये स्वतः करते. त्या आवडीनं खात. तेही पापच, पण ते आत्ता राहू दे. त्या गेल्यावर खरं सांगता आलं असतं – पण तोवर घरात ती ‘आईची नानखटाई’ झाली होती ना.

तिसऱ्या वर्षी मंजू रडवेली होऊन म्हणाली, “आई, माझं चुकतंय तरी काय?”

तेव्हा तरी सांगावं की नाही? मी म्हटलं, “एकेकीचा हात असतो गं. तुझा नाही.”

का म्हणाले मी असं? तिला लागावं असं वाटत होतं का? नाही. मग? फिरून फिरून तिथेच येते, हाती काही लागत नाही. त्यानंतर तिनं ओव्हनला हातच लावला नाही. केक नाही, बिस्किटं नाहीत. कुणी विचारलं तर हसून सांगते, मला हातच नाही.

गेल्या दिवाळीत मी चाचांना विचारलं, काय काय घालता. “बेन, आज तक पूछा क्यों नहीं?” म्हणाले, आणि सगळं सांगितलं – ती पूड, वजन, आच. मी पिशवीवर लिहून घेतलं. घरी येऊन मंजूला फोन लावायला घेतला, ठेवला, आणि चाचांकडचाच डबा तिला कुरिअरनं पाठवून दिला.

तो पोचला तेव्हा तिचा फोन आला. तोंडात नानखटाई, धड बोलता येत नव्हतं. म्हणाली, “तुझ्यासारखी कुणालाच जमायची नाही, आई.”

मी म्हटलं, “हो गं.”