खुंटी रिकामी चालणार नाही

लोणारच्या घरात आशाबाईंच्या स्वयंपाकघरातून पहिल्यांदा नाहीशी झाली ती लिंबाच्या लोणच्याची बरणी. लोणचं होतं जागेवर, पातेल्यात ओतून झाकून ठेवलेलं. बरणी तेवढी गेली. मग मुरंब्याची गेली. मग एक दिवस शेवया पेपरवर पसरलेल्या आणि डबा गायब. चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. मागच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये त्यांचे यजमान वामनराव त्याच बरण्यांत खिळे, स्क्रू आणि वायसर भरत बसले होते. लोणच्याचं तेल राहिलेलं बरंच, स्क्रूला गंज चढणार नाही, अशा आनंदात.

वामनरावांची सारी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, स्टोअरकीपर म्हणून गेली. मेकॅनिकनं पितळी बिल्ला खिडकीत ठेवल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला साधा पाना दिला नाही. रिटायर झाल्यावर हार, शाल, नारळ घेऊन ते घरी आले आणि आठवडाभर नुसते फेऱ्या मारत राहिले. चहाचे कप उंचीप्रमाणे लावून पाहिले. देवघरातले देव आकाराप्रमाणे लावले, तेव्हा आशाबाईंनी हात जोडले.

"अवो, तुमी मांगच्या शेडमंदी जा बरं! तिथं काय मांडाचं ते मांडा. माह्या देवायले हात लावू नका."

तेवढी परवानगी पुरे झाली. वामनरावांनी जन्मभर हौसेनं जमवलेली हत्यारं पेटाऱ्यातून बाहेर काढली. भिंतीएवढी प्लायवूडची फळी ठोकली, तिच्यावर खुंट्या बसवल्या आणि प्रत्येक हत्याराची आकृती लाल ऑइलपेंटनं काढली. करवतीची करवतीसारखी, रंध्याची रंध्यासारखी, पक्कडीची दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. वर फळकुटाला बरण्यांची झाकणं स्क्रूनं घट्ट केली. बरणी खालून फिरवली की लागते, उलटी फिरवली की हातात येते. शेडमध्ये काय आहे आणि काय नाही, हे दारातूनच एका नजरेत कळावं, असा सगळा बेत. ते पाहून आशाबाईंनाही कौतुक वाटलं. बरण्यांचं दुःख मात्र गेलं नाही.

गल्लीला या जागेचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. "काकाचा इस्टोर" असं नाव पडलं आणि लोक येऊ लागले. कोणाला करवत, कोणाला ड्रिल मशीन. नेताना सगळे घाईत, परत आणताना कोणालाच घाई नाही. फळीवर लाल आकृत्याच जास्त दिसू लागल्या. वामनरावांनी नोकरीतली युक्ती काढली आणि पितळी बिल्ले वाटले, पण गल्लीतल्या लेकरांनी ते लगोरीला लावून हरवून टाकले. तेव्हा त्यांनी नवा नेम जाहीर केला.

"इथून हत्यार न्याचं असंन, तर त्याच्या जागी आपली वस्तू टांगून जाचं. जिच्याबगर घर अडते अशी वस्तू. खुटी रिकामी चालनार नाही. आन् हत्यार आल्याबगर वस्तू वापस भेटनार नाही. मंग तो कोनी बी असो."

नेम जालीम निघाला. शाळेतल्या धम्मशीलाबाईंनी हातोडी नेताना स्कूटीची चावी टांगली आणि शाळा भरायच्या आत हातोडी आणून दिली. कोणी चष्मा टांगला, कोणी टीव्हीचा रिमोट. फळी पुन्हा भरल्यासारखी दिसू लागली आणि वामनराव सकाळ-संध्याकाळ दारात उभे राहून नजर टाकून म्हणू लागले, "सगळं जागच्या जागी!"

मग आला शेजारचा उद्धव. सुलतानपूरच्या रस्त्याला त्याचं शेत होतं, आणि मागून नेलेली वस्तू विसरण्यात तो पक्का. त्याला बोअरच्या मोटारीसाठी पाईप पाना हवा होता. आधी त्यानं तुटकी चप्पल पुढे केली. वामनरावांनी नुसतं पाहिलं. उद्धव घरी जाऊन आला आणि त्यानं खुंटीला कुकरची शिट्टी टांगली.

"पाहा काका, हिच्याबगर आमचं घर अडते का नाही!"

अडलं. संध्याकाळी त्याची बायको प्रतिमा तुरीची डाळ कुकरला लावायला गेली, तर शिट्टी नाही. साऱ्या घरात शोधून ती कुकरचं झाकण हातात घेऊनच इकडे आली, आणि पाईप पान्याच्या लाल आकृतीत लटकलेली शिट्टी तिला दिसली.

"काका, मायी शिट्टी द्या. पावने बसेल हायेत घरी."

"देतो ना, माय. पाईप पाना आनला का?"

"पाना शेतात हाये! उद्धव बी शेतातच हाये!"

"मंग येऊ दे त्याले," वामनराव शांतपणे म्हणाले. "रूल म्हंजे रूल."

पाहुणे त्या दिवशी आशाबाईंकडे जेवले. भाकरी थापता थापता आशाबाई शेजारी बसलेल्या प्रतिमेकडे पाहत होत्या. प्रतिमा रागानं कांदा असा चिरत होती, की तो कांदा कांदा नसून दुसराच कोणी असावा.

"काकू, तुमाले राग नाई येत?"

"येते ना. माह्या लोनच्याच्या बरनीत खिळे हायेत."

प्रतिमेनं दुसरा कांदा घेतला. मग आशाबाईंनी हळूच विचारलं, "आपली वस्तू टांगा म्हनते, पन आपली म्हंजे कोनाची, हे त्यायनं कुठी सांगतलं?"

प्रतिमेच्या हातातली सुरी थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि आशाबाईंना इतकं हसू आलं की तव्यावरची भाकरी करपली.

संधी लवकरच आली. मेहकरला रिटायर्ड लोकांचा मेळावा होता आणि वामनरावांना भाषण करायचं होतं. विषय त्यांनीच सुचवलेला: वस्तू जागच्या जागी. चार दिवस आरशासमोर त्यांची तालीम चालू होती. मेळाव्याच्या दिवशी सकाळी ते अंघोळीला गेले आणि आशाबाई शेडमध्ये गेल्या. त्यांनी पक्कड काढून कुंपणावरून प्रतिमेच्या हातात दिली, आणि त्या खुंटीवर, नेमाप्रमाणे, एक वस्तू टांगली. प्रतिमेनं ती पक्कड उद्धवच्या मोटारसायकलच्या डिकीत टाकली. शिट्टीचा हिशोब तिनं तिच्या पद्धतीनं चुकवला. उद्धव नेहमीप्रमाणे गाडीला किक मारून शेतात गेला.

वामनराव अंघोळ करून आले. इस्तरीचा सदरा घातला, केस विंचरले आणि फडताळावरच्या वाटीत हात घातला. वाटीत नुसतं पाणी होतं.

"अवं, मायी कवली कुथं हाये?" दात नसले की वामनरावांच्या तोंडून निम्मी अक्षरं वाऱ्यावर जात.

"मले काय इचारता? तुमची वस्तू, तुमच्या जागी असंन."

वामनरावांनी घर पालथं घातलं. गादी उलटली, तांदळाच्या डब्यात पाहिलं, देवघरातसुद्धा पाहिलं. आशाबाई उंबऱ्यावर बसून मटार सोलत होत्या आणि हसू येऊ नये म्हणून एकेक मटार तोंडात टाकत होत्या.

"इस्टोरमंदी पाह्यलं का?"

वामनराव शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. सवयीनं फळीवरून नजर फिरवली. एकही खुंटी रिकामी नव्हती. "फगलं जागच्या जागी," ते म्हणाले आणि परत फिरले.

आता मात्र आशाबाईंच्या तोंडातून मटार उडाला. वामनराव थबकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा फळीकडे. दोन पाय फाकून उभ्या असलेल्या त्या लाल माणसाच्या छातीवर, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांची स्वतःची कवळी त्यांना हसत होती.

त्यांचा हात झटकन वर गेला. आशाबाई मागून खाकरल्या.

"पक्कड आनली का?"

हात हवेतच राहिला. कुंपणापलीकडे प्रतिमा कपडे वाळत घालत होती. केव्हापासून एकच टॉवेल वाळत घालत होती. आशाबाईंना वाटलं, आता नेम मोडणार आणि सगळं संपणार. आपण जिंकलो, असंही वाटलं आणि जरा वाईटही वाटलं. पण वामनरावांनी हात खाली घेतला.

"पक्कल कुथं हाये?"

"उद्धवकडं," प्रतिमा टॉवेलामागून म्हणाली.

उद्धवला फोन लागला, तर तो देवाची शपथ घेऊन ओरडू लागला. "काका, मी कायले नेऊ? यावेळी खरंच मी काईच नेलं नाई!" जन्मात पहिल्यांदा तो खरं बोलत होता आणि कोणाचा विश्वास बसत नव्हता.

वामनरावांनी तोंडावर दुपट्टा गुंडाळला आणि सुलतानपूरकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसले. पुढचं आशाबाईंना नंतर कळलं. गाडीत शेजारी बसले गल्लीतले मोतीराम, उत्सव मंडळाचे कारभारी.

"काका, दात दुखून राह्यले काय?"

वामनरावांनी मान हलवली.

"मंग बोलू नका. मी काय म्हनतो, मंडपासाठी तुमची शिडी देता का?"

तोंड उघडलं तर गल्लीभर बातमी होणार. वामनरावांनी मान हलवली.

"आन् ड्रिल मशीन?"

पुन्हा मान हलली. शेत येईपर्यंत मोतीरामांनी शिडी, ड्रिल मशीन, करवत आणि वर स्वतः वामनरावांना मंडप ठोकायला, असं सगळं मिळवलं. असा गोड माणूस आपण आजवर ओळखला नाही, असं म्हणत ते पुढे गेले.

शेतात उद्धव शपथा घेतच होता. वामनरावांनी बोअरपाशी पाहिलं, मग त्याच्या गाडीच्या डिकीकडे बोट दाखवलं. उद्धवनं मोठ्या तोऱ्यात डिकी उघडली. आत पक्कड. त्याचं तोंड असं उघडं राहिलं की वामनरावांना क्षणभर वाटलं, याचेही दात कोणी नेले.

"काका, मायच्यान सांगतो..."

"गाली काल," वामनराव म्हणाले.

उद्धवनं गाडी काढली आणि कधी पळवली नव्हती अशी पळवली. शेडमध्ये येऊन वामनरावांनी पक्कड पुसली, खुंटीवर टांगली, मग पिशवी काढली. पाठ फिरवून कवळी बसवली आणि 'स' नीट निघतो का ते पाहत वळून उद्धवला म्हणाले.

"पोरी, सुना, सासू, सासरे. हं, बसले बरोबर. उद्धव, तुह्या बायकोशी जरा सांभाळून राह्य, बे."

मग आशाबाईंकडे पाहून म्हणाले, "चाल, तू बी चाल मेहकरले."

"मी कायले?"

"तुले घरी ठेवलं तर काय काय टांगशीन, सांगता येत नाही."

मेहकरला पोचले तेव्हा भाषणं आटोपून पंगतीत बट्ट्यांवर वरण पडत होतं. लोकांनी हात धुण्याआधी वामनरावांना उभं केलं. वामनरावांनी खिशातला कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला. मग सकाळपासून जे घडलं ते सगळं सांगितलं. कवळीपाशी आले तेव्हा हसून हसून एका जुन्या ड्रायव्हरला ठसका लागला, त्याची पाठ चोळावी लागली. कोणीतरी ओरडलं, "वहिनीले बोलू द्या!" आशाबाई पदर सावरत उठल्या, माईककडे संशयानं पाहिलं आणि म्हणाल्या, "ज्याच्या कोनाच्या घरी रिकाम्या बरन्या असतीन, त्यानं आमच्याकडं पाठोन द्या." आणि बसल्या. वामनरावांच्या सगळ्या भाषणाला मिळाल्या नसत्या एवढ्या टाळ्या पडल्या.

परतीच्या बसमध्ये वामनरावांनी तिकिटं खिशात ठेवली.

"दुसरं काईच भेटलं नाई का तुले टांगाले?" त्यांनी विचारलं.

"भेटलं असतं ना. पन तुमीच म्हनलं, जिच्याबगर घर अडते अशी वस्तू." आशाबाईंनी पिशवीतून फुटाण्याची पुडी काढली. "सकाळी तुमी बोलनं बंद केलं, तं घर कसं मेल्यावानी लागून राह्यलं होतं. म्या तं प्रतिमाले म्हनलं, लवकर आनून टाक वं बाई ते पक्कड, नाई तं मीच जातो शेतात."

वामनरावांनी पुडीत हात घातला. बस लोणारच्या उताराला लागली. सुलतानपूरला चढलेले मोतीराम शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि शिडी न्यायला सकाळी केव्हा येऊ, असं विचारू लागले. वामनराव तोंड भरून फुटाणे खात होते, म्हणून आशाबाईंनीच सांगितलं, "या ना, भाऊजी. येताना घरातली एखादी चांगली बरनी घेऊन या."