ठकूचा स्वभाव

इंदापूरच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली, तेव्हा आईनं खिडकीचा गज धरून शेवटचं एकच सांगितलं, "कुणाला उलटून बोलू नगं. तितं आपलं कोन न्हाय." तिच्या मागं उभे असलेले तात्या, माझे थोरले चुलते, हसले. "ती गप बसंल व्हय? हेकट हाय, बापावानी."

आबा, माझे वडील, आदल्याच वर्षी गेले होते. मी त्यांची एकुलती एक. १९९८ साल होतं, आणि बावड्यातली, मेंढरं वळणाऱ्याची नात कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला निघाली होती.

बायांनो, तुमच्यातल्या काही गावाकडंच राहिलात आणि काही माझ्यासारख्या बाहेर पडलात. तुम्हा सगळ्यांनाच हे सांगायचंय. मी आईचं ऐकलं. ऑफिसात 'यस', 'शुअर', 'नो प्रॉब्लेम' एवढ्यावर सहा महिने काढले. मीटिंगमध्ये माझी कल्पना दुसरा कुणी बोलून जायचा आणि मी मान डोलवायची. सगळे म्हणायचे, किती गोड मुलगी!

त्याच ऑफिसातला पुण्याचा संजय एका शनिवारी दुपारी मला डेव्हिडच्या घरी घेऊन गेला. तिथं टेबलाभोवती बसून एक खेळ चालायचा. पट नाही, पत्ते नाहीत. प्रत्येकानं एक माणूस मनानं रचायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. डेव्हिड गोष्ट पुढं नेणार, राक्षस आणि सरदार तोच होणार, आणि अडलं की फासे टाकायचे. पण आधी त्या माणसाचा स्वभाव ठरवायचा: एक गुण, एक दोष, आणि जिवापाड जपायची एक गोष्ट.

संजय म्हणाला, "तू वैद्य हो. शांत, भिडस्त, सगळ्यांची सेवा करणारी. तुला सोपं जाईल."

का कोण जाणे, माझं डोकंच फिरलं. इथंही माझा स्वभाव दुसऱ्यानंच ठरवायचा?

"मेंढपाळ आहे ती," मी म्हणाले. "हातात काठी. नाव ठकू. उलटून बोलते. आणि हेकट आहे."

"हा दोष झाला. गुण कुठला?" डेव्हिडनं विचारलं.

"तोच."

"आणि जपायची गोष्ट?"

"तिचं कुरण."

त्यांना 'ठकू' म्हणता येईना. कुणीतरी सोपं नाव सुचवलं. मी बदललं नाही. 'टाकू, टाकू' करत शिकले बिचारे.

पहिल्याच डावात डेव्हिड सरदार झाला आणि घोड्यावरून म्हणाला, हे कुरण आता माझं, तू निघ. बाकीचे तहाची भाषा करू लागले. मी उभी राहिले आणि तोंडातून मराठीच आलं, "न्हाय हलणार! काय करायचं ते कर!" संजयखेरीज कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण डेव्हिडनं फासे माझ्यापुढं सरकवले. संजय हसला, "अगं, गावठी बाहेर आलं तुझं."

"येऊ दे की," मी म्हणाले. सोमवारी मीटिंगमध्ये माझी कल्पना एकानं पळवली, तेव्हा तिथंही मी उभी राहिले. त्यानंतर मला कुणी गोड म्हटलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात तात्यांच्या घरी फोन केला, आईशी बोलायला. रिसीव्हर तात्यांनीच घेतला. "आबाची जमीन माझ्या पोरांच्या नावं करून टाकू म्हनतो. तू आलीस की हक्कसोडीवर सही कर. लेकीनं सोडायचा असतोय. तुला तितं काय कमी हाय?"

"कमी न्हाय, तात्या. पण सही करणार न्हाय."

"थोरल्या मानसाला उलट बोलतीस?"

"व्हय."

फोन आदळला. मग किती तरी दिवस आईशी बोलणंच झालं नाही. ती तात्यांच्याच दारात राहणारी. माझ्या हट्टाची किंमत तिला मोजावी लागेल या भीतीनं मी दोनदा सही करायचं ठरवलं. शेवटी तिनंच निमगाव केतकीच्या बाजारात जाऊन, बूथवरून फोन केला. "तात्या रुसल्यात," ती म्हणाली. "रुसू दे. मीबी अंगठा दिला न्हाय."

मला रडू आलं आणि हसूही.

तात्या आमच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. त्याचं वाईट वाटतं, पण तो फोन पुन्हा झाला तरी मी तेच बोलेन. आबांच्या त्या तुकड्यात मी दोन खोल्या बांधल्या. आई तिथंच राहिली, आपल्या मर्जीनं, आणि तिथंच गेली. आता दर थंडीत मी येते, ऊस तुटत असतो तेव्हा.

गेल्या खेपेला शेजारची भावजय, तात्यांची सून, कुंपणापाशी आली. चांगल्या मनाची आहे. म्हणाली, "आक्का, किती दिस हाय मुक्काम?"

"मुक्काम पाहुण्यांचा असतो, बाई," मी म्हणाले. "ये आत. माझ्या घरी चहा घे."