सोपानभाऊंचा परतफेडीचा रकाना

“वर सहा-सहा पॅनल लावल्यात, आन लाइट गेली की तुमच्याबी घरात अंधार? मग आमी काय गच्चीला शोभा म्हणून बसवली व्हय ही?” शेजारचा किसन अंगणातून ओरडत होता. आषाढातली दुपार होती आणि वारा असा सुटला होता की नाणे मावळातले निम्मे पत्रे एव्हाना तळेगावात पोचले असतील. किसनने सोपानभाऊंच्या शब्दावर सोलर बसवलं होतं, तेव्हा जाब विचारायचा हक्क त्याला होताच. पण ज्याला विचारायचा तो माणूस आत खुर्चीत ताठ बसला होता. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीन बंद. त्यांची बायको, आमच्या इंदूवहिनी, कोपऱ्यातल्या सिलिंडरशी झटत होत्या, त्याची चावी घट्ट बसली होती. भेटायला आलेला मी धावलो, दोघांनी मिळून ती फिरवली, नळी बदलली. दोन मिनिटं लागली असतील. मी आजवर शंभर गोष्टी फुगवून सांगितल्या, पण ही दोन मिनिटं फुगवायची गरज मला कधी पडली नाही. श्वास जागेवर आल्यावर भाऊंनी किसनला खुणेने आत बोलावलं आणि गावोगाव सांगत आले होते तेच तुटक शब्दांत पुन्हा सांगितलं… आपलं सोलर लाइनीला जोडलेलं, लाइन गेली की ते आपण होऊन बंद पडतं, नाहीतर खांबावर चढलेला वायरमन आपल्या उन्हानं मरायचा. “तवाबी सांगितलं व्हतं,” भाऊ म्हणाले. “तू मान हलवलीस.”

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत भाऊ गेले. श्रावणात, भर दुपारी.

आमची ओळख शाळेपासूनची, ते माझ्या दोन यत्ता पुढे. मी लोणावळ्यात चार खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो, आणि स्वच्छ दिवशी माझ्या गच्चीवरून समुद्र दिसतो असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. भाऊंनी एकदा स्वतः गच्चीवर जाऊन चहूकडे बघितलं, खाली आले आणि म्हणाले, “शेजारच्या हॉटेलाची टाकी दिसती.” असा माणूस. देहूरोडच्या डेपोत वीजकाम करण्यात जन्म घालवला, निवृत्त झाले, कामशेतच्या पलीकडे आपल्या गावी येऊन राहिले आणि बसल्या बसल्या लोकांना सोलरचा हिशेब काढून द्यायला लागले. फी एक कप चहा. चहा पुढे आला की समोरच्याला हिशेब नाकारायचा नाही, हा त्यांचा नियम. मग तो सख्खा भाऊ असो की बांधावरून कोर्टात खेचलेला चुलता.

माझ्या घराचा अंदाज काढायला पुण्याहून एक विक्रेता आला होता. त्याने गाडीतून न उतरता, मोबाइलवर माझं छप्पर बघून, तीन वर्षांत सगळा खर्च वसूल असं सांगितलं. मी तर हुरळून चौथ्या वर्षी काय काय घ्यायचं याची यादीही केली. भाऊ आले ते खडू घेऊन. सकाळी नऊला गच्चीवर गेले आणि टाकीच्या सावलीची कड फरशीवर आखली. बाराला पुन्हा, चारला पुन्हा. मधल्या वेळात माझ्याकडे जेवले, झोपले आणि माझी बारा महिन्यांची बिलं एकेक करून वाचली. एका महिन्याच्या बिलावर त्यांचा कधीच विश्वास नसे. मे महिन्याचं बिल लोणावळ्यात फुशारकी मारतं, म्हणायचे, थेट तुझ्यासारखं. संध्याकाळी फूलस्केप कागदावर त्यांनी रकाने मांडले. खर्च किती, सबसिडी किती, वर्षाला बिल किती वाचेल, आणि शेवटचा रकाना परतफेडीचा. सबसिडी खात्यात पडेपर्यंत ती पेन्सिलीने लिहायची. आणि वर्ष बारा महिन्यांचं धरायचं नाही. पुणेकरांचं ऊन पुणेकरांना लखलाभ, आपल्याकडे जून ते सप्टेंबर सूर्य पाहुण्यासारखा येतो, टेकतो न टेकतो तोच उठतो, आणि उरलेल्या वेळी पॅनलवर माकडं बसतात. माकडांचं नुकसान त्यांनी खरोखरच धरलं होतं. परतफेड निघाली साडेसहा वर्षं. मी घासाघीस केली. मला वाटलं, निदान पाचावर येतील. “ऊन काय माझ्या खिशात हाय का?” ते म्हणाले.

या स्वभावामुळे त्यांनी सोलर बसवायचे जितके बेत जमवले त्याच्या दुप्पट मोडले. खंडाळ्यात एका गृहस्थांचा बंगला आहे, एवढा मोठा की दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जायला रिक्षा लागावी. भाऊंनी तीनदा खडू फिरवला, बिलं चाळली आणि त्यांना सांगितलं की तुम्ही येता शनिवार-रविवारी, बाकी पाच दिवस वीज खातो एकटा राखणदार, त्याच्या एका पंख्यापायी एवढं छप्पर झाकायचं कारण नाही. गृहस्थ रागावले. त्यांना पर्यावरणासाठी बसवायचं होतं. मग जरूर बसवा, भाऊ म्हणाले, फक्त परतफेडीचा रकाना मला मागू नका. ज्या गोष्टीची परतफेड येत नाही ती त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सुचवली नव्हती, याचा त्यांना अभिमान होता. मला वाटतं, तेवढा एकच.

पण त्यांचा पहिला प्रश्न कधी सावलीचा नसे, बिलाचाही नसे. खडू बाहेर काढायच्या आधी ते विचारत, घरात माणसं किती, आणि पुढं किती धरायची? मुलगी सासरी जाणार असते, मुलगा पिंपरीला खोली घेणार असतो, सून येणार असते तिचं वॉशिंग मशीन येणार असतं. आजच्या माणसांवर छप्पर मोजलं तर उद्या हिशेब चुकतो. त्या एका प्रश्नावर आख्खी घरं त्यांच्यापुढे उलगडत. मावळात कुणाचं लग्न अडलंय आणि कुणाची वाटणी होणार, हे तलाठ्याच्या आधी भाऊंना कळत असे, आणि भाऊंकडून ते कुणालाही कळत नसे. माझ्याकडून मात्र कळायचं, म्हणून ते मलाही सांगत नसत.

मग त्यांची फुप्फुसं थकली. मशीन घरात आलं, रात्रंदिवस चालू लागलं, तरी गच्चीवरच्या पॅनलांमुळे बिल फारसं वाढलं नाही. त्याचं भाऊंना केवढं कौतुक… नळी ओढत मीटरपर्यंत जात आणि आकडे बघून येत. पण आमच्या भागात पावसाळ्यात लाइट जाते ती मुलीच्या माहेरपणासारखी, लवकर परतायचं नावच नाही. घरातला जुना इन्व्हर्टर दोन दिव्यांना पुरायचा. त्याला मशीन जोडलं की पाऊण तासात मान टाकायचा. सिलिंडर भरायला तळेगाव गाठावं लागे. मशीनवर एक हिरवा दिवा होता. भाऊ दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचे. पेपर हातात असला तरी नजर पेपरावरून तिकडे. दुपारी डोळा लागला तरी वाऱ्याने खिडकी वाजली की दचकून उठायचे.

मी म्हटलं, मोठी बॅटरी घ्या, तिला चालणारा इन्व्हर्टर घ्या, दिवसभर लाइट नसली तरी मशीन चालेल. त्यांनी तो हिशेब कधीच काढून ठेवला होता. खर्च जवळजवळ पहिल्या सोलरएवढा, बचत शून्य. “बॅटरी जगणार धा वर्षं,” ते म्हणाले. “माझं धर दीड. ऱ्हायलेली साडेआठ वर्षं इंदीनं काय तिला हळदकुंकू वाहायचं?” मी त्यांना कंजूष म्हटलं, हेकट म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. मशीन थांबल्यावर त्यांचं तोंड कसं होतं ते बघितलं होतं मी. पण मावळात डोंगर सरकवता येईल, एकदा लिहिलेला भाऊंचा आकडा नाही.

ती सिलिंडरची चावी अडकली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो होतो. वहिनींच्या उजव्या तळव्यावर चावीचा काळानिळा वण होता. त्यांनी मला चहा दिला, मग दुसरा कप घेऊन त्या भाऊंच्या समोर आल्या. कप त्यांच्यापुढे ठेवला आणि कधी बसत नाहीत तशा समोरच्या खुर्चीत बसल्या, जिथे आजवर गिऱ्हाइकं बसत आली होती.

“हिशेब काढून पायजे,” त्या म्हणाल्या. “घरात आजारी माणूस हाय, लाइट जाती.”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. चहा पुढे आला होता. त्यांनी फूलस्केप कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि सगळ्यांना विचारायचे तेच विचारलं, “घरात माणसं किती?”

“दोन.”

“आन पुढं किती धरायची?”

“दोनच धरा.”

भाऊंनी पेन कागदावर टेकवलं, पुन्हा उचललं आणि वहिनींच्या तळव्यावरच्या वणाकडे बघितलं. मशीनची घरघर तेवढी चालू होती. मग त्यांनी लिहिलं, दोन. खर्चाचा रकाना भरला. सबसिडीच्या रकान्यात रेघ ओढली, बचतीच्याही. परतफेडीचा रकाना त्यांनी तसाच कोरा ठेवला, खाली सही केली आणि कागद दोन्ही हातांनी वहिनींकडे दिला. परक्या माणसाला देतात तसा.

दहा दिवसांत बॅटरी आली. भिंतीवर कपाटाएवढी चढली. मी सांगताना गोदरेजच्या कपाटाएवढी सांगतो, प्रत्यक्षात शाळेच्या दप्तरापेक्षा थोडी मोठी. त्यानंतर मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा दुपारी, आणि तिन्ही वेळा भाऊ झोपलेले. खिडकी वाऱ्याने बडवत होती आणि हा माणूस घोरत होता. वहिनी शेजारी बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. तिसऱ्यांदा तर मी मुद्दाम मोठ्याने खोकलो, तरी जाग नाही. मला राग आला, इतक्या लांब आलो होतो. त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले. मशीन चालू होतं, लाइट होती, ऊनसुद्धा पडलं होतं थोडं.

दहाव्याला नदीवर बाहेरगावची माणसं जमली, तेव्हा माझ्यातला जुना माणूस उठला. मी सांगितलं की शेवटच्या पंधरवड्यात सलग अठरा तास लाइट नव्हती, अख्खं गाव अंधारात, आणि त्या बॅटरीने भाऊंचा श्वास एकटीने ओढून नेला. माणसं डोळे पुसत होती. मला थांबता आलं नाही… भाऊंच्या कोऱ्या रकान्यात काहीतरी लिहावं असं वाटत होतं, दुसरं काय. कामशेतच्या बाजारातून ती गोष्ट माझ्याकडे परत आली तेव्हा अठरा तासांचे तीन दिवस झाले होते.

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो, तर किसन बसलेला. तोही आता बॅटरी घेणार होता. त्या पंधरवड्यात तो घरच्यांसकट पिंपरीला पाहुण्यांकडे होता, आणि माझी गोष्ट ऐकूनच त्याने मन पक्कं केलं होतं. पैशाचीही जुळवाजुळव झाली होती. त्याच्या घरात आजारी कुणी नाही, सगळी कशी ठणठणीत. भाऊ असते तर त्यांनी चहा संपायच्या आत त्याला परत पाठवला असता. किसन उगाच खात्री करून घ्यायची म्हणून वहिनींकडे वळला आणि त्याने विचारलं, भाऊंना किती येळा उपेगाला आली बॅटरी? मी त्याच्या पाठीमागून वहिनींना डोळ्याने खुणावलं.

वहिनींनी तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं.

“एकदाबी न्हाई,” त्या म्हणाल्या. “ती आल्यापासनं लाइट गेलीच न्हाई.”