सब्री नईमचा उंट

सब्री नईमने बगदादच्या टपालखात्यात एकतीस वर्षं पार्सलं तोलली, पण त्याबद्दल त्याला कुणी कधी काही विचारलं नाही. करादा मोहल्ल्यातल्या आमच्या चहाखान्यात त्याची ओळख एकच होती. अठ्ठ्याहत्तर साली शहराच्या अंतिम सामन्यात फाइक वकिलांनी ज्याच्यासमोर वजीर टाकला आणि ज्याने तो खाल्ला, तो हा. नावही तेच पडलं होतं, वजीरखाऊ. त्याची बायकोसुद्धा रागावली की हेच नाव घ्यायची म्हणतात. मी ऐकलेलं नाही, पण ती बाई रागावायची खूप.

आमच्याकडे एक शिरस्ता होता. गाजलेला डाव पुन्हा मांडायचा, तर दोन्ही खेळाडू हयात असेपर्यंत ज्याने त्याने आपलेच मोहरे लावायचे आणि आपणच हलवायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही. जिंकणाऱ्याला ही पद्धत सोयीची होती. हरलेल्याला काय वाटतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

तेव्हा चौतीस वर्षं, जवळजवळ दर शुक्रवारी सकाळी, कुणीतरी नवखा चहाला यायचा आणि फाइक वकील सब्रीला त्याच्या मुलाच्या नावावरून हाक मारायचे, "अबू गस्सान, या! आपला मुडदा उकरू या." सब्री बोटं पुसून काळे मोहरे लावायचा. संपूर्ण डाव नाही, फक्त शेवटची स्थिती. सब्रीचा राजा कोपऱ्यात, पुढ्यात एक प्यादं. फाइकच्या घोड्याने राजाच्या पळवाटा धरलेल्या. आणि सब्रीचा उंट पार शत्रूच्या घरात, पहिल्या ओळीच्या टोकाला, नुकताच हत्ती खाऊन सुस्त पडलेला. मग फाइकचा वजीर ते प्यादं मारून राजाला जाऊन भिडायचा. राजाने वजीर खायचा, दुसरी वाटच नाही. फाइकचा दुसरा हत्ती कडेच्या पट्टीत सरकायचा. शह आणि मात. सब्री राजा आडवा करायचा. नवखा "वा" म्हणायचा. चहा यायचा.

हरल्याच्या दुसऱ्या दिवशी हीच स्थिती कागदावर काढून सब्री स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला होता. "ज्याचं त्याला मिळालं पाहिजे," म्हणाला होता. त्याच्या दिलदारीचं आम्ही कौतुक केलं. हे त्याच्या वाट्याला आलेलं एकमेव कौतुक.

दोन हजार बाराच्या मार्चमध्ये दंतवैद्य वस्फीच्या हाती एक लिफाफा लागला. त्या सामन्याचा पंच वारला होता आणि त्याच्या मुलीने घर रिकामं करताना बुद्धिबळाचे कागद वस्फीला दिले. त्यात डावाची मूळ नोंद होती, दोघांच्या सह्यांनिशी.

"आज पहिल्या चालीपासून!" वस्फीने टेबल पुसून घेतलं. "मी वाचतो, तुम्ही हलवा."

सब्री म्हणाला, "शेवटचंच दाखवू की. सगळा कोण बघणार?"

"आम्ही बघणार. तुम्हाला कुठे जायचंय? पार्सलं थांबलीत?"

सगळे हसले. मीही हसलो.

बाविसाव्या चालीपर्यंत ठीक चाललं. मग वस्फीने वाचलं, "काळा उंट हत्ती मारतो." सब्रीने उंट उचलला आणि नेहमीच्या जागी, कोपऱ्यात ठेवला.

"तिथे नाही, अबू गस्सान. तिथला हत्ती कधीच पुढे गेलाय. अलीकडचा. दोन घरं इकडे."

"लिहिताना चूक झाली असेल."

"सही तुमचीच आहे."

सब्रीचा हात पटावर तसाच राहिला. शिरस्त्यामुळे दुसरं कुणी तो उंट हलवू शकत नव्हतं आणि कुणाला घाईही नव्हती. शेवटी त्याने स्वतःच तो दोन घरं अलीकडे आणला. वजीर पडला, राजाने खाल्ला, हत्तीचा शह आला, आणि आता शाळकरी पोरालाही दिसलं असतं. उंट गेला होता त्याच तिरप्या रेषेवरून मागे येऊन राजा आणि हत्तीच्या मध्ये बसत होता. मात नव्हती. काळ्याकडे अख्खा वजीर जास्त होता. सब्री जिंकलेला डाव सोडून उठला होता.

"नाही, नाही," सब्री घाईने बोलू लागला. "तरीसुद्धा हरतोच मी. बघा ना, हत्ती उंट मारेल, मग..."

"मग तुम्ही हत्ती मारा."

"मग घोडा..."

"घोडा एकटा काय करणार? तुमच्या दाढा मोजणार?"

अर्धा तास तो माणूस आपला पराभव वाचवत होता. एकामागून एक वाटा काढत होता, प्रत्येकीत स्वतःला मारू बघत होता, आणि वस्फी प्रत्येकीत त्याला जिंकून देत होता. मोठ्या बळीला बळी पडणं त्याला चौतीस वर्षं पुरलं होतं. त्यासाठी त्याने एक उंट दोन घरं सरकवला होता, इतकंच.

मग त्याने फाइककडे पाहिलं. "उस्ताद, तुम्ही तरी सांगा. तुमचाही डाव मोडतोय."

फाइक वकिलांनी चहात साखर ढवळली. आयुष्यभर त्यांनी याहून वाईट खटले जिंकले होते. "माझा कशाला मोडेल? उंट मागे येतो, हे मला दिसत होतं. याला दिसणार नाही, हेही दिसत होतं. याचा कुठलाच मोहरा कधी मागे येत नसे. वजीर मी पटावर नाही टाकला, याच्यासमोर टाकला."

मग वस्फीने टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. फाइकचा डाव पूर्वीपेक्षा मोठा झाला होता.

पुढच्या शुक्रवारी नवखा आला. सब्रीने मोहरे लावले, उंट खऱ्या जागी ठेवला. वजीर आला, राजाने खाल्ला, हत्तीने शह दिला. सब्रीने राजाला हात लावला नाही. उंट उचलला आणि मागे आणून राजाच्या पुढ्यात ठेवला. त्याची बोटं उंटावरून निघेनात.

"अबू गस्सान," फाइक वकील मायेने म्हणाले, "झालेला डाव बदलायचा नसतो."

सब्रीने उंट परत जागेवर नेला आणि राजा आडवा केला. नवख्याने विचारलं, "पण उंट मागे येतो ना?" आणि आम्ही सगळे याच प्रश्नाची वाट बघत बसलो होतो.