सातवा महिना संपल्यावर

ल्याओ पी-युनने पन्नाशीत पुन्हा दप्तर घेतलं, तेव्हा वॉर्डातल्या मुली हसल्या. हुवेईच्या इस्पितळात तिची सव्वीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली शेवटची नऊ हेडनर्स म्हणून. आता दर शनिवारी सकाळी ती ताइनानची बस पकडायची आणि वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसायची. वर्गात दोन सर्जन होते, एक औषधतज्ज्ञ होता आणि पेशींवर संशोधन करणारी एक तरुण बाई होती.

"ताई, एवढं शिकून बढती मिळणार का?" एकीने विचारलं.

"नाही गं. पण नातेवाईक पेशंटच्या उशाशी भांडतात ना, तेव्हा काय बोलायचं ते तरी कळेल."

इस्पितळात तिच्याकडे एक वेगळं काम होतं. माणसाने शुद्धीत असतानाच शेवटच्या दिवसांविषयी लिहून ठेवायचं, नळी हवी की नको, यंत्र हवं की नको. त्यासाठी जवळच्या एका नातलगाला घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं, साक्षीदारांदेखत सही करायची. मग ती नोंद आरोग्य कार्डावर चढते. पी-युनने असे चारशेच्या वर कागद करून घेतले होते.

गेल्या उन्हाळ्यात बांबूचे कोंब सोलता सोलता तिच्या आईने, आ-मियानने, विषय काढला.

"लोकांचे कागद करतेस. माझा कधी करणार?"

"कसला?"

"नाकातल्या नळीचा. तुझ्या मावशीला सहा वर्षं घातली होती. मला नको. तोंडाने जाईल तोवर खाईन, पुढे नाही."

पी-युनने भिंतीवरच्या कॅलेंडरवरची चांद्र तिथी पाहिली. "परवा सातवा महिना लागतोय, आई. भुतं मोकळी सुटलेली असताना असल्या कागदावर सही कशाला? महिना संपला की नेते."

"त्या उपाशी भुतांना दरवर्षी मीच दारात ताट मांडते. माझं काय वाकडं करतील?"

"तरी पण."

"शिकलेली बाई," आई म्हणाली आणि पुढचा कोंब उचलला.

पी-युनचा भुतांवर विश्वास होता असं नाही. पण सातव्या महिन्यात कुणी घर बदलत नाही, लग्न करत नाही, जमलं तर ऑपरेशनही पुढे ढकलतात. त्या महिन्यात तिच्या सल्ल्याच्या खोलीकडेही कुणी फिरकत नसे. एक महिना थांबण्यात तिला काही गैर वाटलं नाही.

महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी आ-मियान न्हाणीघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण वाचा गेली आणि समजही गेली. पुढे तिने खाणं सोडलं. चमचा ओठांशी नेला की ती मान फिरवायची.

थोरला भाऊ जिन-तू ताइपेइहून आला आणि डॉक्टरांना म्हणाला, "नळी घाला."

"दादा, आईला नको होती. मला स्पष्ट म्हणाली होती."

"कागद आहे?"

पी-युनने नकारार्थी मान हलवली.

"चारशे लोकांचे केलेस म्हणे. आईचा राहिला?"

"सातवा महिना होता."

"मग सातव्या महिन्याचंच बोलू. आई उपाशी गेली, तर पुढच्या वर्षी लोकांच्या दारातल्या ताटांपुढे जाऊन उभी राहील. तिने आयुष्यभर ज्यांना वाढलं, त्यांच्यातच. तुझी पुस्तकं तू वाच, युन. मला आई जेवलेली हवी."

तो खोटं बोलत नव्हता, हेच तिला जड गेलं. डॉक्टर तिच्याकडे पाहून म्हणाले, "हेडनर्स, लेखी काही नसेल तर…"

"माहीत आहे," ती म्हणाली. लेखी नसेल तर नळी नाकारता येत नाही, हे कलम नव्या मुलींना तीच शिकवत असे.

पुढच्या शनिवारी प्राध्यापक शिए यांनी वर्गापुढे एक उदाहरण ठेवलं. वृद्ध आईने इच्छा तोंडी सांगितली होती, लेखी काही नव्हतं, आणि मुलगा-मुलीचं एकमत होत नव्हतं. सर्जन कायद्याविषयी बोलले. पेशींवाली बाई म्हणाली, "पण मुलीला आधीपासून माहीत होतं ना? मग तिने वेळेत कागद का केला नाही? खरी चूक तिथेच आहे."

"बरोबर आहे," पी-युन म्हणाली आणि वहीत तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी ती थेट वॉर्डात आली. आईचा उजवा हात अजून चालत होता, आणि तो सारखा नळीकडे जाई. दोनदा तिने नळी उपसून काढली होती. म्हणून आता त्या हाताला टेबल-टेनिसच्या बॅटसारखा चपटा हातमोजा बांधायचा होता. ड्यूटीवरची मुलगी तो हातात घेऊन नुसतीच उभी होती.

"ताई, मी बांधू का? तुम्ही बाहेर थांबा."

"दे इकडे."

पी-युनने मोजा चढवला, पट्टा ओढला आणि तो फार आवळला नाही ना, हे पाहायला त्याखाली एक बोट घालून बघितलं. मग नळीतून द्यायच्या दुधाची पिशवी खुंटीला अडकवली. आईचा मोजा घातलेला हात वर आला, नाकाशी थडकला आणि खाली पडला. थोड्या वेळाने पुन्हा वर आला.